इतिवृत्तात न येणारी माणसं

प्रति,
अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळ



साताऱ्याचं नव्व्याण्णवावं संमेलन मागे पडलं, आता शंभरावं. पुढचे काही महिने मांडव किती मोठा, ग्रंथदिंडी कुठून निघणार, निमंत्रणपत्रिकेत कोणाचं नाव वर आणि कोणाचं खाली, याच्या बातम्या येत राहतील. त्या येऊ द्यात. संमेलन म्हटलं की रुसवेफुगवे आलेच, आणि खरं सांगायचं तर वाचकालाही ते चवीने वाचायला आवडतात. माझं पत्र त्यांबद्दल नाही. महामंडळात निर्णय होतात कसे, ते कोण घेतं आणि ते घेणाऱ्यांपैकी कितीजणांची नावं कागदावर येतात, एवढाच माझा विषय आहे.

मी वाचक आहे. अध्यक्षपदाच्या निवडणुकीत मला कधी मत नव्हतं, कोणत्याही साहित्य संस्थेत पद नव्हतं, त्यामुळे कोणावर जुना राग काढायचा आहे अशातलाही भाग नाही.

सुरुवात १९९२ पासून करतो, कारण मराठी वाचकाच्या मनात महामंडळाविषयीची शंका तेव्हा पक्की झाली. कोल्हापूरच्या संमेलनाच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत कवयित्री इंदिरा संत हरल्या आणि रमेश मंत्री निवडून आले. मंत्र्यांचा इथे काही दोष नाही. भरपूर लिहिणारा, लोकांना हसवणारा लेखक; नियमाप्रमाणे उभा राहिला, नियमाप्रमाणे जिंकला. पण त्या निकालाने घराघरांत एकच प्रश्न विचारला गेला: बाईंना हरवलं कोणी? मराठी कवितेच्या वाचकांनी तर नक्कीच नाही, कारण वाचकांना मतच नव्हतं. मत होतं ते घटक संस्था, संलग्न संस्था आणि निमंत्रक संस्था यांनी ठरवलेल्या मतदारांना. पुढे निवडणूक बंद झाली तेव्हाही ही यादी हजार-अकराशेच्या आसपासच होती. आठ कोटींहून अधिक माणसांच्या भाषेचा मानाचा शब्द ठरवायला हजार-अकराशे पाकिटं.

ती पाकिटं पोस्टाने जायची, हे आजच्या तरुण वाचकांना सांगावं लागेल. मतपत्रिका घरी यायची, मतदाराने खूण करून ती परत पाठवायची. यात गैर काही नाही. पण दर निवडणुकीत कुजबुज व्हायची ती याच टप्प्यावर. कोणीतरी ओळखीचा माणूस फोन करणार, "सर, पाकीट आलं का? तुम्ही कशाला पोस्टात जाताय, मी संध्याकाळी येऊन घेऊन जातो." सरांनाही बरंच वाटणार. त्या माणसाने मागच्या वर्षी सरांच्या कवितासंग्रहाचं प्रकाशन घडवून आणलेलं असणार, व्याख्यानमालेत सरांना बोलावलेलं असणार. त्यात लाच नाही, दमदाटी नाही. असते ती भीड. आपल्याकडे भिडेपोटी जेवढे निर्णय होतात तेवढे पैशापोटीही होत नसतील. असे गठ्ठे खरोखर किती गोळा झाले हे कोणी सिद्ध केलं नाही. पण ‘गठ्ठा मतदान’ हा शब्द संमेलनाच्या बातम्यांत इतका रुळला की त्याचा अर्थ कोणाला विचारावा लागला नाही.

अशा पद्धतीत कोण निवडून येणार हे उघड आहे. जिल्ह्याजिल्ह्यातल्या शाखेच्या कार्यवाहाला जो नावाने ओळखतो, तो. बेळगावात घरी बसून कविता लिहिणारी बाई नाही. मराठीच्या चार ज्ञानपीठ मानकऱ्यांपैकी खांडेकर १९४१ साली सोलापूरला अध्यक्ष झाले, कुसुमाग्रज १९६४ साली मडगावला. विंदा करंदीकर आणि भालचंद्र नेमाडे त्या खुर्चीवर कधीच बसले नाहीत. जी. ए. कुलकर्णी नाहीत, विजय तेंडुलकर नाहीत, श्री. ना. पेंडसे नाहीत, अरुण कोलटकर नाहीत. यांतल्या कित्येकांनी अर्ज भरून मतं मागितली असती अशी कल्पनाही करवत नाही. नेमाड्यांनी तर संमेलनांची टिंगलच केली. म्हणजे ज्यांना दारोदार जायची लाज वाटते ती माणसं पद्धतच गाळून टाकत होती, आणि ज्यांना ती वाटत नाही त्यांतून आपण निवड करत होतो.

म्हणून २०१८ साली महामंडळाने घटना बदलून निवडणूक बंद केली आणि अध्यक्ष सन्मानाने निवडायचं ठरवलं, तेव्हा माझ्यासारख्या अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पहिलंच नाव अरुणा ढेरे यांचं आलं. नंतर फ्रान्सिस दिब्रिटो आले, जयंत नारळीकर आले. मतांसाठी फोन करतानाचे नारळीकर डोळ्यांसमोर आणून बघा. दिल्लीच्या संमेलनाला तारा भवाळकर. निवडणुकीच्या काळातली आणि त्याआधीची मिळून ९१ संमेलनं झाली. त्यांत अध्यक्षपदी बायका चार: कुसुमावती देशपांडे, दुर्गा भागवत, शांता शेळके, विजया राजाध्यक्ष. नंतरच्या आठांत दोन. हा बदल आपल्या पदरात टाकायलाच हवा आणि मी तो मोकळेपणाने टाकतो.

आता पुढचं. निवडणूक गेली, पण ज्या ओळखीपाळखींवर ती चालायची त्या कुठे गेल्या? त्या हजार-अकराशे घरांतून निघाल्या आणि एका दिवाणखान्यात मावतील एवढ्या माणसांच्या बैठकीत येऊन बसल्या. पूर्वी एखाद्याला अध्यक्ष करायचं तर विदर्भापासून कोकणापर्यंत हिंडावं लागे. आता घटक, संलग्न आणि निमंत्रक संस्थांकडून नावं येतात, बैठकीत चर्चा होते आणि बाहेर येऊन एक नाव वाचून दाखवलं जातं. कोणत्या संस्थेने कोणती नावं दिली? कोणत्या नावाला कोणी विरोध केला, कशासाठी? मागे पडलेलं नाव कोणाचं? पूर्वी निदान मतांचे आकडे छापून यायचे, हरलेला उमेदवार चिडून मुलाखत तरी द्यायचा. जुन्या पद्धतीतला गट उघड्यावर वावरत होता. नव्या पद्धतीत गट असलाच तर तो आहे हे सांगायलाही कोणी उरत नाही, कारण निर्णय ‘एकमताने’ झालेला असतो.

मौजेची गोष्ट अशी की बैठकीआधी आठवडाभर वर्तमानपत्रांत ‘चर्चेत असलेली नावं’ छापून येतातच. ती कोण देतं? म्हणजे खोलीचं दार बंद आहे ते आमच्यासाठी. काही वार्ताहरांसाठी, काही प्रकाशकांसाठी, काही माजी पदाधिकाऱ्यांसाठी ते कायम किलकिलं आहे. माहिती कोणाला आधी कळते यावरून सत्ता कुठे आहे ते ओळखावं. सरकारी कचेरीत शिपायाला आधी कळतं आणि साहित्यसंस्थेत आणखी कोणाला, एवढाच फरक.

या सगळ्याकडे ‘कंपूशाही’ म्हणून नाक मुरडायचं असतं तर पत्र इथेच संपवलं असतं. पण प्रकरण तेवढं सोपं नाही, आणि ते का नाही हे सांगण्यासाठी एका वाचनालयात न्यावं लागेल. गावाचं नाव सांगत नाही. महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावाचं टाका, चालेल.

वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना वृत्तपत्रांच्या स्टँडमागच्या फळ्यावर लागलेली असते. नियमाप्रमाणे पुरते दिवस आधी, आणि कोणाच्याही नजरेला पडणार नाही अशी. सभेच्या वेळी दहा-बारा माणसं जमतात. कार्यवाह घड्याळ बघतात आणि म्हणतात, "गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब." त्या अर्ध्या तासात चहा येतो. चहा पिताना, वऱ्हांड्यात उभ्या उभ्या, पुढच्या तीन वर्षांची कार्यकारिणी ठरते. म्हणजे ठरलेलीच असते. फक्त कोणाला उपाध्यक्ष करावं म्हणजे कोण दुखावणार नाही एवढं बोलून घेतात. मग त्याच जागी, गणपूर्तीची अट नसलेली सभा सुरू होते. आधीच टाइप केलेली यादी वाचली जाते. सूचक अमुक, अनुमोदक तमुक. टाळ्या. सगळं कायदेशीर. ९० दिवसांत धर्मादाय उपायुक्तांकडे कलम २२ खाली बदल अर्ज जातो, आणि पाठोपाठ एखादी हरकतही जाते, म्हणजे पुढची कार्यकारिणी येईपर्यंत मागच्या कार्यकारिणीचा निकाल लागलेला नसतो.

आता या चित्राची दुसरी बाजू. तेच कार्यवाह निवृत्त शिक्षक आहेत. नदीला पूर आला त्या रात्री छातीभर पाण्यात उभं राहून खालच्या फळीवरचे जुने अंक वरच्या मजल्यावर त्यांनीच नेले. अनुदान वेळेवर येत नाही तेव्हा ग्रंथपालाचा पगार ते खिशातून देतात आणि कुठे लिहीत नाहीत. व्याख्यानमालेला वक्ता मिळतो तो त्यांच्या ओळखीने, सभागृह फुकट मिळतं ते त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यामुळे. घटनेप्रमाणे संस्था चालवायची ठरवली तर ते वाचनालय सहा महिन्यांत बंद पडेल. ते चालतं ते घटनेत नसलेल्या माणसांच्या, घटनेत नसलेल्या संबंधांवर. आणि त्याच संबंधांमुळे गेल्या पंधरा-वीस वर्षांत त्या कार्यकारिणीत एकही नवा माणूस, एकही बाई, गावाच्या दुसऱ्या टोकाच्या वस्तीतलं एकही कोणी आलेलं नाही. कोणी मुद्दाम अडवलं नाही. चहाच्या वेळी त्यांची आठवण झाली नाही, इतकंच.

ही दोन्ही कामं एकच माणूस, एकाच हाताने करतो. म्हणून संस्थेतल्या अनौपचारिक जाळ्याला नुसत्या शिव्या देऊन भागत नाही आणि ‘आपलीच माणसं आहेत’ म्हणून पाठीशी घालूनही भागत नाही.

रॉबर्ट मिशेल्स नावाच्या अभ्यासकाने १९११ साली जर्मनीतल्या समाजवादी पक्षाकडे बघून लिहिलं की लोकशाहीसाठी उभी राहिलेली संघटनाही शेवटी मूठभरांच्या हाती जाते, कारण संघटना चालवण्याचं कसब मूठभरांकडेच साठत जातं. मला त्याचं म्हणणं पूर्ण पटत नाही. त्याने सांगितलेल्या ‘पोलादी’ नियमाला अपवाद बरेच आहेत. पण कसब साठण्याची गोष्ट मात्र महामंडळाला नेमकी लागू पडते. १९६१ साली महामंडळ झालं ते पुण्याची महाराष्ट्र साहित्य परिषद, नागपूरचा विदर्भ साहित्य संघ, मराठवाडा साहित्य परिषद आणि मुंबई मराठी साहित्य संघ अशा संस्थांना एकत्र आणून. एका शहराचं वर्चस्व नको म्हणून कार्यालय दर तीन वर्षांनी फिरतं ठेवलं. कल्पना अतिशय शहाणपणाची. पण तीन वर्षांनी कार्यालय हलतं तेव्हा कागद किती हलतात? मागचा पत्रव्यवहार, स्थळनिवडीचे अहवाल, नाकारलेल्या नावांच्या नोंदी पुढच्याच्या हाती पडतात का? कागद नसतील तर ‘मागच्या वेळी काय ठरलं होतं’ हे फक्त जुन्या माणसांना माहीत असतं. नवा सदस्य प्रश्न विचारतो, जुना सदस्य "तेव्हा असं ठरलं होतं" म्हणतो, आणि विषय संपतो. ज्या संस्थेला दफ्तर नाही तिथे ज्याची स्मरणशक्ती दांडगी तो कारभारी. सत्ता फिरती ठेवायला केलेल्या सोयीने ती अशी काही माणसांच्या डोक्यात कायमची मुक्कामाला आणली.

या पदांना अधिकार काय आहेत हेही एकदा बघू. संमेलनाध्यक्षाला कार्यालय नाही, अंदाजपत्रक नाही, कोणाची नेमणूक करण्याचा हक्क नाही. वर्षभर हार-तुरे आणि भाषणं. तरीही त्या खुर्चीसाठी एवढी धडपड का, असं बाहेरचे विचारतात. कारण मानाची मोड करता येते. अध्यक्ष झालेल्या माणसाचं नाव पुढे सरकारी मंडळांत, पुरस्कार समित्यांत, अभ्यासक्रमांच्या चर्चेत सहज येतं. त्याने शिफारस केलेल्याचंही येतं. कागदावर रिकामी असलेली खुर्ची व्यवहारात तशी नसते.

आणि कधीकधी त्या खुर्चीत असं कोणी बसतं की कागद बाजूलाच राहतो. १९७५ चा डिसेंबर, कराड. आणीबाणी लागून सहा महिने होत आलेले. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, केंद्रातले मंत्री, आणि कराड म्हणजे त्यांचं घर. अशा मांडवात दुर्गा भागवतांनी अध्यक्ष म्हणून जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सभेला उभं केलं. घटनेतलं कोणतं कलम त्यांना तसा अधिकार देत होतं? कोणतंच नाही. कोणतं कलम त्यांना अडवत होतं? तेही नाही. सगळा दबाव होता तो न लिहिलेला: यजमान कोण, दिवस कसले, उद्या काय होईल. बाईंनी तो जुमानला नाही, आणि पुढच्या वर्षी अटकही झाली. यशवंतरावांनीही संमेलन मोडलं नाही, हेही नोंदवून ठेवलं पाहिजे. यजमानाचं मोठेपण असंही असतं.

याच्या उलट टोकाला २००९ चं महाबळेश्वर. आनंद यादव रीतसर निवडून आलेले. त्यांच्या ‘संतसूर्य तुकाराम’ या कादंबरीवर वारकरी संघटनांनी आक्षेप घेतला. यादवांनी माफी मागितली, पुस्तक मागे घेतलं, तरी भागलं नाही. त्यांनी अध्यक्षपद सोडलं आणि संमेलन अध्यक्षाशिवाय झालं. कादंबरी बरी की वाईट हा वाद वेगळा, मला स्वतःला ती फारशी आवडली नव्हती. प्रश्न असा आहे की मतदारांनी निवडलेल्या माणसाला, ज्यांना एकही मत नव्हतं त्यांनी उतरवलं. त्या वेळी महामंडळ या संस्थेने, संस्था म्हणून, काय ठरवलं होतं? वाचकाच्या हाती आला तो एकट्या यादवांचा निर्णय. संस्था मांडवाच्या व्यवस्थेत गुंतलेली दिसली.

पण सगळ्यांत बोलकं उदाहरण यवतमाळचं, जानेवारी २०१९ चं. तेच पहिलं सन्मानाने निवडलेल्या अध्यक्षांचं संमेलन. उद्‌घाटनाला नयनतारा सहगल यांना निमंत्रण गेलं. त्या इंग्रजीत लिहितात म्हणून कार्यक्रम उधळण्याच्या धमक्या आल्या. त्यांचं भाषण लिहून तयार होतं, देशात काय चाललंय यावर ते बोलणार होतं. आणि संमेलन काही दिवसांवर आलेलं असताना त्यांना ‘येऊ नका’ असं कळवण्यात आलं. कोणी कळवलं? पत्र संयोजकांकडून गेलं. ठरवलं कोणी? इथे धुकं सुरू होतं. संयोजक, महामंडळ, सुरक्षेची काळजी, ‘वरून’ आलेला निरोप; ज्याने त्याने दुसरीकडे बोट दाखवलं. महामंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष श्रीपाद भालचंद्र जोशी यांनी राजीनामा दिला. अनेक लेखकांनी पाठ फिरवली. शेवटी उद्‌घाटन वैशाली येडे यांनी केलं, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची पत्नी, आणि त्या बाई ज्या धीटपणे बोलल्या त्याने संमेलनाची थोडीफार अब्रू राहिली.

निमंत्रण देण्याची बैठक होते, तिचा ठराव असतो. निमंत्रण मागे घेण्याचा ठराव कोणत्या बैठकीत झाला, सूचक कोण, अनुमोदक कोण, विरोधात कोण होतं? एखाद्या नव्वदी ओलांडलेल्या लेखिकेला शेवटच्या घटकेला नको म्हणण्याएवढा मोठा निर्णय, आणि त्याला आई-बाप नाहीत. फोनवर झालेला निर्णय असाच असतो. तो सगळ्यांचा असतो, म्हणून कोणाचाच नसतो. सत्तेचं अनौपचारिक जाळं चांगल्या दिवसांत वक्ता मिळवून देतं, सभागृह मिळवून देतं. वाईट दिवस आला की तेच जाळं जबाबदारी गिळून टाकतं.

यजमानांबद्दल थोडं. नाशिकला छगन भुजबळ स्वागताध्यक्ष, दिल्लीला शरद पवार. ‘राजकारणी व्यासपीठावर नकोत’ ही दर वर्षीची ओरड मला भाबडी वाटते. शासनाचं अनुदान हवं, मैदान हवं, पाणी, वीज, बंदोबस्त, हजारोंच्या जेवणाची सोय हवी, आणि हे देणारा माणूस मात्र मागच्या रांगेत बसावा, असं होत नाही. त्याने पुढे बसावं. फक्त त्याच्या मदतीच्या बदल्यात कार्यक्रमपत्रिकेतलं काय काय बदललं, कोणता परिसंवाद गळाला, कोणता वक्ता वाढला, हे कुठेतरी लिहिलेलं असावं. नसेल तर आम्ही वाईटात वाईट तेच समजणार.

आणि जे बाहेर राहिले ते गप्प बसले असं समजू नका. न्यायमूर्ती रानड्यांनी १८८५ साली जोतीराव फुल्यांना ग्रंथकारांच्या सभेचं निमंत्रण दिलं, तेव्हा जोतीरावांनी ते नाकारताना जे लिहिलं त्याचा मथितार्थ हाच होता की सर्वांना माणूस म्हणून हक्क द्यायला जे मनापासून तयार नाहीत, त्यांच्या सभांशी आणि ग्रंथांशी आमचा मेळ बसत नाही. रानडे सज्जन होते, निमंत्रण मनापासूनचं होतं. पण ती सभा ज्या ओळखींच्या वर्तुळातून उभी राहिली होती ते वर्तुळ जोतीरावांना एका पत्रातच दिसलं. पुढे १९५८ साली मुंबईत दलित साहित्य संमेलन भरलं, अण्णाभाऊ साठे उद्‌घाटक. १९९९ साली धारावीत विद्रोही साहित्य संमेलन, बाबुराव बागूल अध्यक्ष. अखिल भारतीय संमेलनाला पहिले दलित अध्यक्ष मिळायला, शंकरराव खरात, १९८४ साल उजाडावं लागलं. प्रवाहाबाहेरच्यांनी आपापली संमेलनं काढली, आणि तिथेही यथावकाश आपापले कार्यवाह, आपापले चहाचे अर्धे तास तयार झाले, हे त्यांतले प्रामाणिक कार्यकर्ते स्वतःच सांगतात. माणसं जमली की गट पडणार. त्याला उपाय नाही, आणि मी तो मागतही नाही.

मागतो ते एवढंच की जे घडतं त्याचा कागद व्हावा.

अध्यक्षपदासाठी कोणत्या संस्थेने कोणती नावं सुचवली ती निवड झाल्यानंतर महिन्याभरात प्रसिद्ध करा. मागे पडलेल्या लेखकाचा अपमान होईल ही सबब मला मान्य नाही. १९९२ चा निकाल जाहीर झाला म्हणून इंदिराबाई लहान झाल्या नाहीत. निवड का केली याची पानभर कारणं, बैठकीला हजर असलेल्यांच्या सह्यांसह द्या. नोबेल समितीसुद्धा मानपत्राचं एखादं वाक्य लिहिते; मग भले चर्चा पन्नास वर्षं कुलपात ठेवते. आपण पन्नास वर्षं नको, दहा ठेवू. पण दहा वर्षांनी उघडायला काहीतरी लिहिलेलं तर असू द्या.

जो निवड करण्याच्या बैठकीत बसतो, त्याचं नाव त्या काळात आणि नंतर काही वर्षं अध्यक्षपदासाठी येऊ नये. आजवर आलं की नाही याच्या खोलात मी जात नाही. यायला वाव असू नये.

निमंत्रण देणं आणि ते मागे घेणं, दोन्ही फक्त ठरावाने व्हावं. रात्री अकरा वाजता दूरध्वनीवरून बैठक घ्यावी लागली तर घ्या, हल्ली व्हिडिओवर बारशीसुद्धा होतात. पण कोण काय म्हणालं ते सकाळी लिहिलेलं असलं पाहिजे. यवतमाळला असं एक पान असतं तर निदान तीन-चार माणसांनी सही करताना दोनदा विचार केला असता.

घटक संस्थांना पदांच्या मुदती घालून द्या. एकाच पदावर लागोपाठ दोन मुदतींपेक्षा जास्त नको. ‘दुसरं कोणी मिळत नाही’ असं उत्तर येईल हे मला माहीत आहे. वऱ्हांड्यात न विचारता फळ्यावर लिहून विचारलं, आणि तो फळा स्टँडच्या मागून काढून दारात लावला, तर मिळतं. आमच्याकडच्या वाचनालयात गेल्या वेळी एका नर्सबाईंनी वर्षभराचा बालविभाग अंगावर घेतला. कार्यकारिणीतल्या कोणालाही त्या वाचनालयाच्या सभासद आहेत हे ठाऊक नव्हतं.

आणि शेवटची मागणी शंभराव्या संमेलनाच्या खर्चातूनच भागू शकेल. महामंडळाचं एक कायमचं दफ्तर करा. कार्यालय फिरू दे, दफ्तर एका जागी राहू दे. १९६१ पासूनची इतिवृत्तं, जमाखर्च, स्थळनिवडीचे अहवाल, मतमोजणीचे आकडे, राजीनाम्यांची पत्रं, जे जे ज्या ज्या घरांतल्या कपाटांत असेल ते मागून घ्या. माजी पदाधिकाऱ्यांना आणि त्यांच्या वारसांना जाहीर विनंती करा. वाळवी लागायच्या आत बरेचजण आनंदाने देतील. स्मरणिकेच्या गुळगुळीत कागदाचा आणि पाहुण्यांच्या शालींचा खर्च थोडा आखडला तर एक खोली, दोन लोखंडी कपाटं आणि एका जाणत्या दफ्तरदाराचा पगार त्यात बसेल. यवतमाळचा तो पत्रव्यवहार मला त्या खोलीत बसून वाचायचा आहे, आणि हा अर्ज त्यासाठीचा पहिला समजावा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक वाचक